डबीसोबतचा कागद

शेवटच्या प्रश्नाखाली डॉक्टरीणबाईंनी लाल रेघ मारली होती. ‘जगणं नकोसं वाटतं का?’ उत्तर होतं, ‘जवळजवळ रोज.’

“काका, हे खरं आहे?”

समोरच्या खुर्चीतला म्हातारा शिंपी हसला. “मला? अहो, जेवण झालं की पाच मिनिटांत घोरायला लागतो. हिला विचारा. शेजारी भिंत ठोकतात.”

त्याची बायको त्याच्या मागे उभी होती. खोलीत खुर्च्या दोनच होत्या.

डॉक्टरीणबाईंनी डोळे चोळले. सकाळपासूनचा हा चौदावा रुग्ण. मधुमेहानं मूत्रपिंडं कमजोर झालेल्यांच्या आतड्यातले जंतू तपासायचे आणि त्यांचा मनाशी काही संबंध लागतो का ते पाहायचं, असा त्यांचा अभ्यास होता. दर पंधरा दिवसांनी शौचाच्या नमुन्याची डबी यायची, सोबत मनःस्थितीचा कागद. शिंप्याची डबी सहा महिने एकदाही चुकली नव्हती. पथ्यही काटेकोर. उपयोगी जंतू वाढले होते, लघवीतून जाणारं प्रथिन कमी झालं होतं. मन मात्र कागदागणिक खचत चाललं होतं. झोप नाही. भूक नाही. कशात लक्ष नाही.

“पोट सुधारतंय, किडनी सावरतेय. मग हे असं का?”

“कागदाचं मला काय विचारता? साखरेनं डोळे नेले. सुईत दोरा ओवता येत नाही, तो मी बारीक अक्षर वाचणार? हीच भरते. भाज्या दोनदा उकळून पाणी ओतून टाकते हीच, इंजेक्शन देते हीच, आणि ते डबीचं कामही हिच्याच गळ्यात. मी नुसता नावाचा पेशंट!”

तो पुन्हा हसला. एकटाच.

डॉक्टरीणबाईंनी बाराही कागद टेबलावर पसरले. मग सहा महिन्यांत पहिल्यांदाच मान वर करून त्याच्या मागे पाहिलं.

“काकू, प्रश्न तुम्ही यांना वाचून दाखवत होतात ना?”

“पहिल्या वेळी दाखवले. तिसऱ्या प्रश्नाला हे झोपले.”

शिंप्यानं मान वळवली. त्याला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता.

डॉक्टरीणबाई उठल्या. टेबलाला वळसा घालून त्यांनी आपली खुर्ची तिच्यापुढे आणून ठेवली. ती बसली नाही. तिनं पिशवीतून आजची डबी काढून टेबलावर ठेवली. सोबतचा कागद मात्र हातातच राहिला. तोही भरलेला होता.

“चुकलंच माझं,” ती म्हणाली. “पण दुसरं कोणी विचारत नव्हतं.”