चौदाशेची तूट

कायेआ उठला, तसा ताओरिबाचा हात पैशांच्या डब्यावर गेला. मनेआबाच्या, म्हणजे गावाच्या सभाघराच्या, छपराखाली चटयांवर शंभरेक माणसं बसली होती. सगळ्यांनी तो हात पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं. कायेआ दिसला की डबे, सायकली आणि कोंबड्या झाकायची सवय बेटावर प्रत्येकालाच होती.

ताओरिबा दवाखान्याच्या बोटीची खजिनदार. बारा वर्षं ती आणि दोन पंच बोटीचं अंदाजपत्रक तिच्या स्वयंपाकघरात, दार लावून करत आले. यंदा मदत पाठवणाऱ्यांनी अट घातली: बोटीतून जे जातात, त्यांनाही खर्च ठरवताना बसवा. ताओरिबाने पंचांना बजावलं होतं, "बोलवा गावाला. संध्याकाळी माझ्याकडे एक डॉलर उरला तर मला दाखवा."

तिचं चूक नव्हतं. इथे नातलगाने 'बुबुसी' म्हणून काही मागितलं की द्यावं लागतं. लाज मागणाऱ्याला नाही, न देणाऱ्याला. आणि बेटावर नातलग नाही असा माणूस नाही. कायेआ तर तिचा चुलतआजोबा. त्याने तिची सायकल नेली, शिलाईयंत्र नेलं, दोरीवर वाळत घातलेला नवऱ्याचा शर्ट ओलाच नेला. वहीच्या शेवटच्या पानावर हे सगळं तारीखवार होतं. वसुलीसाठी नव्हे, नुसतं असावं म्हणून.

सकाळी तिने आकडे वाचून दाखवले होते. डिझेल, नावाड्याचा पगार, इंजिनाची दुरुस्ती. चौदाशे डॉलर कमी पडत होते. ते जमले नाहीत तर पुढच्या महिन्यापासून बोट बंद. मग बाळंतीण असो की ताप, मोठ्या बेटावरच्या दवाखान्याकडे किनाऱ्यावरूनच बघायचं.

"खर्च कापा," काबुता म्हणाली. ती कायेआची मेहुणी. "एका आजाऱ्यामागे सात जण कशाला जातात? आमच्या या भाऊजींच्या गुडघ्याबरोबर तर कोंबडीसुद्धा जाऊन आली."

हशा झाला. तेव्हाच कायेआ उठला होता.

"पोरी," तो म्हणाला, "बुबुसी."

हसणं जागच्या जागी थांबलं.

"काय हवंय, आजोबा?" डब्यावर आता तिचे दोन्ही हात होते.

"डबा राहू दे तुझ्याकडे. ती चौदाशेची तूट आहे ना, ती मला दे."

"ती काय द्यायची वस्तू आहे?"

"नाही म्हणतेस?"

ताओरिबाने जन्मात कुणाला 'नाही' म्हटलं नव्हतं. इतक्या माणसांसमोर ते जमेना.

"आजोबा, करणार काय तिचं?"

"खोबरं काढून विकीन, भरून टाकीन. सात पोत्यांत भागतं, मी हिशेब केलाय." मग तो जरा ओशाळला. "तुझ्याकडचं चांगलंचुंगलं सगळं मीच नेलं. एवढंच न्यायचं राहिलं होतं."

ताओरिबाने डब्यावरचे हात काढले. "घ्या," ती म्हणाली.

"सगळी एकट्यानेच लाटणार होय?" काबुता कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "पोरी, माझीही बुबुसी. चारशे मला."

"मी आधी मागितलीय," कायेआ कुरकुरला. "दोनशे घे हवं तर."

"तीनशे. आणि कोंबडीचं भाडं वेगळं."

तोवर मागच्या चटईवरून नावाड्याने हात वर केला. त्याला पन्नास हवे होते. मग चर्चमधल्या गाणाऱ्या बायका उठल्या. मग ज्याच्या घरी गेल्या महिन्यात जुळी झाली तो.

संध्याकाळी ताओरिबाने बेरीज केली, दोनदा. ती म्हणाली होती तसंच झालं होतं. चौदाशेतला एक डॉलरसुद्धा गावाने तिच्याकडे उरू दिला नव्हता.