आखूड पाय

परीक्षकांच्या टेबलावरचा चहा कपात अजिबात हिंदकळत नव्हता.

“निबंध उत्तम आहे,” ग्रंथपाल यामिनीला म्हणाले, “पण तू आधार घेतलेला ग्रंथ आमच्याकडून हरवलाय. तो दाखवल्याशिवाय ग्रंथालयाचा संशोधन पुरस्कार नाही.”

“दाखवते, सर. रोज वाचून जागेवर ठेवायचे मी.”

तिने वाकून टेबलाच्या आखूड पायाखालचा ग्रंथ ओढून काढला. टेबल कललं. ग्रंथपालांसह तिन्ही परीक्षकांनी ते दोन्ही हातांनी धरलं.

“संदर्भ बरोबर आहे,” यामिनीने उघडून धरलेलं पान मान वळवून वाचत परीक्षक बाई म्हणाल्या. “पुरस्कार हिचाच. पण सही कशी करू? बाळ, ते पुस्तक परत खाली सरकव.”

यामिनीने ग्रंथ छातीशी धरला. “पुन्हा हरवेल ना, मॅडम!”

टेबलदुरुस्तीला दरवर्षी ‘बघू’ म्हणणाऱ्या ग्रंथपालांचे हात टेबल धरून भरून आले. अखेर ते ओरडले, “अरे, सुताराला बोलवा!”