‘फ’ श्रेणीचं घर

“काकू, घराचा क्रमांक सांगा,” मोबाइलवर सरकारी नोंदणी उघडत शेजारची रेहाना म्हणाली. तिला नववा महिना लागला होता.

शेवंताबाई रामटेकेंनी क्रमांक सांगितला आणि डोळे मिटून घेतले. चंद्रपुरात पारा बावन्नवर गेला, की घर किती गार राहतं यावरून ठरणाऱ्या श्रेणीत ‘ड’खाली असलेल्या घरांतली माणसं दोन महिने जमिनीखालच्या वसाहतीत हलवली जात. गेली चार वर्षं त्यांचं घर ‘फ’ होतं. पण यंदा नत्थूजींना अर्धांगवायू झाला होता. “मला इथंच राहू दे,” एवढंच ते अडखळत बायकोला म्हणत.

म्हणून शेवंताबाईंनी हिवाळाभर एकटीनं भिंतींना जिवंत गिलावा लावला होता. त्यातलं शेवाळ भांड्यांच्या सांडपाण्यावर जगायचं आणि ऊन चढलं की तेच पाणी वाफेच्या रूपात सोडून भिंत गार करायचं. गेल्या आठवड्यात नवी श्रेणी ठरवायला तपासनीस येऊन गेला होता.

“‘ब’ आली, काकू! ‘ब’!”

शेवंताबाईंनी स्वतः क्रमांक पडताळला, मग धावत आत गेल्या. “अहो, कुठंच जायचं नाही आता!” नत्थूजींच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

त्या बाहेर आल्या, तेव्हा रेहाना स्वतःच्या घराची श्रेणी बघत होती. “आमची ‘फ’च आहे. परवा न्यायला गाडी येईल.”

“बाळंतपण जमिनीखाली कशाला? मागची खोली मोकळी आहे. नवऱ्यालाही घेऊन ये.”

संध्याकाळी रेहानाची खाट मागच्या खोलीत आली. भिंतीला पाठ टेकताच ती म्हणाली, “काकू, किती गार आहे हो!”