तोंडपाठ माप

शिंपीणबाईंची लेक तापाने गेली. सहा महिन्यांनी बाईंनी पन्नाशीत तिच्या लाडक्या घोडीवर बसायला शिकायचं मनावर घेतलं. "आधी रिकिबीचा पट्टा मापू," घोडेस्वारीचे मास्तर म्हणाले. "बोटं खोगिराला टेकवा, हात ताठ, पाय ठेवायची रिकीब काखेपर्यंत आली पाहिजे. पट्टा अजून लेकीच्या मापाचा आहे, लांब करावा लागेल." बाईंनी हात ताणला. रिकीब बरोब्बर काखेत बसली. "तुमच्याएवढाच हात होता की तिचा," मास्तर म्हणाले. बाईंचा हात खाली येईना. नव्या कोटाच्या वेळी लेक म्हणाली होती, "आई, एकदा माप घे ना." मशीनवरून मान न उचलता त्या म्हणाल्या होत्या, "लोकांची घ्यावी लागतात मापं. तुझं मला तोंडपाठ आहे." मग तो कोट घालून लेक सारखी बाह्या मनगटापर्यंत ओढायची, आणि त्या डाफरायच्या, "ओढू नकोस, शिवण उसवेल."