काळीज जपणारं यंत्र

"धरणाचे सगळे दरवाजे उघडले आहेत. नदीकाठच्या लोकांनी आत्ताच्या आत्ता घरं सोडावीत." टेकडीवरच्या रेडिओ केंद्रात इरावतीने बातमी पुन्हा वाचली आणि श्रोत्यांसाठी फोनची लाइन खुली केली.

पहिलाच फोन तिच्या वडिलांचा आला. अप्पा नदीच्या घाटालगत एकटेच राहायचे.

"पोरी, झकास वाचतेस हं. पाणी ओसरतंय म्हणालीस, जिवाला बरं वाटलं."

इरावती असं काही म्हणालीच नव्हती. अप्पांच्या हार्ट अटॅकनंतर तिनेच हट्टाने त्यांच्या कानात ते यंत्र बसवून घेतलं होतं. घाबरवणारं काही कानावर आलं, की यंत्र ते गाळायचं आणि बोलणाऱ्याच्याच आवाजात काहीतरी गोड ऐकवायचं.

"अप्पा, कानातलं यंत्र काढा! पूर येतोय, पळा!" ती माइकवरच किंचाळली.

"हो गं, जेवलो मी. तूही वेळेवर जेवत जा."

तिने ओढूनताणून आवाजात हसू आणलं.

"अप्पा, तुमच्यासाठी खरवस आणलाय. इथे टेकडीवर या ना, लगेच."

"खरवस? आलोच!" खाट करकरली. मग अप्पा थबकले. "पण पोरी, माझ्या चपला अशा तरंगतायत कशा?"