शिकागो-दोहा-नागपूर

बाबा गेले तसा वामनकाकांनी मोबाईलवर हिशेब मांडला. शिकागो ते दोहा, दोहा ते नागपूर, म्हणजे सुमंत उद्या दुपारपर्यंत घरी. शेवटपर्यंत बाबांचं सगळं करणारी वैदेही म्हणाली, “काका, अग्नी मी देते.”

“भाऊ येऊन राहिला ना वं तुझा! तुले काहून घाई?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमंतचाच फोन आला. दोह्याला पुढचं विमान चुकलं होतं आणि आता थेट उद्याचंच होतं. तोवर थांबणं शक्य नव्हतं. मग काकांनीच तोड काढली. सुमंत विमानतळावरून व्हिडिओ कॉलवर राहील आणि त्याचा हात म्हणून वैदेही अग्नी देईल.

घाटावर तिने एका हातात मोबाईल धरला.

“नीट धर वं, सुमंतले दिसून नाही राहिलं,” काका मागून म्हणाले.

तिने मोबाईल उंच केला आणि दुसऱ्या हाताने बाबांना अग्नी दिला.


काकांनी डोळे पुसले, मोबाईलजवळ तोंड नेलं आणि गहिवरून म्हणाले, “सुमंता, विमान चुकलं तरी बापाले अग्नी तूच देल्ला गा!”