हवालदाराची शिट्टी

पांढरकवड्याजवळच्या शेतांतल्या विहिरींवरून मोटारी सारख्या चोरीला जात होत्या. म्हणून फौजेतून निवृत्त झालेले हवालदार उकंडाजी यांनी गावातल्या पोरांचं रक्षक दल उभं केलं. चोराला गुपचूप घेरायचं आणि शिट्टी वाजली की तुटून पडायचं, हे त्यांनीच पोरांकडून घोटवून घेतलं. आज दुपारी पोरांनी कपाशीत एका म्हाताऱ्याला घेरलं. “काका, पोत्यात मोटार हाय त्याच्या!” राजदीप ओरडला. उकंडाजी धावत आले. म्हाताऱ्याने दोन्ही हात वर केले होते. सीमेवर असेच हात वर केलेल्या एकावर त्यांनी गोळी झाडली होती. ते आठवलं की त्यांची वाचा बसायची. आताही ‘थांबा’ घशातून निघेना. पोरांना थांबवायला त्यांनी घाईघाईने शिट्टी फुंकली. काठ्या कोसळल्या. म्हातारा हलेनासा झाला. फाटलेल्या पोत्यातून वेचलेला कापूस सांडला. “रडता कायले, काका?” राजदीप म्हणाला. “शिट्टी तर तुमीच वाजवली.”